खिळेकाकांची दुसरी फेरी

टीव्हीवर विमानवाहू जहाजाची मालिका लागली की खिळेकाकांच्या घरी दोन कार्यक्रम सुरू व्हायचे. एक पडद्यावर आणि दुसरा पडद्यासमोरच्या खुर्चीत. "डेकवर टोपी घालून फिरतोय शहाणा. उडाली तर थेट इंजिनात जाईल ती." थोड्या वेळानं, "हा बघ, मागे विमान उतरतंय आणि हा खिशात हात घालून प्रेमाच्या गप्पा मारतोय." नायिकेचं पुढे काय झालं हे काकूंना दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारावं लागायचं. शेवटी एकदा काकूंनी रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला. "अहो, इथे ओरडून त्यांना ऐकू जाणार आहे का? जा आणि सांगा त्यांना तोंडावर."

आणि काका खरोखरच गेले.

सव्वीस वर्षं त्यांनी नौदलाच्या जहाजावर, डेकवर उभं राहून विमानांची देखभाल केली होती. विमान स्वतः कधी चालवलं नाही, आणि दुखणं तिथेच होतं. सिनेमावाल्यांना वैमानिकाखेरीज कुणी दिसतच नाही. गॉगल चढवला, दात दाखवले, झेप घेतली, की झाली लढाई. त्या झेपेच्या आधी डेकवर काय चालतं ते कुणी दाखवत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी फेरी असायची. स्वयंपाक्यापासून अधिकाऱ्यापर्यंत जो मोकळा असेल तो डेकवर यायचा, खांद्याला खांदा लावून रांगेत उभा राहायचा, स्वतःच्या बुटांचे तळवे तपासायचा आणि मग सगळी रांग मान खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. खडा, खिळा, बटण, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन समोरची हवा ओढून घेतं, आणि हवेबरोबर काय येतंय याची चौकशी ते करत नाही.

त्या मालिकेच्या सल्लागाराचं काम घेताना काकांनी एकच अट घातली होती: मालिकेत एक मिनिट फेरी दाखवायची. दिग्दर्शिकेला सगळे मॅडम म्हणत. मॅडम "बघू" म्हणाल्या होत्या. पहिल्या आठवड्यात ते दृश्य कागदावर होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यावर काट मारलेली होती. "काका, माणसं खाली बघत चालतायत, यात प्रेक्षकानं बघायचं काय?" काकांनी हट्ट सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीत ते मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे, तेच बोलायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मॅडमनी शेवटी कंटाळून दृश्य पुन्हा कागदावर आणलं, पण बजावलंही. "दोनदा तुम्ही माझं चित्रीकरण थांबवलंत. एकदा टोपीसाठी, एकदा कुणाच्या कानातल्या डुलासाठी. तिसऱ्यांदा थांबवलंत तर तुम्हीही नाही आणि तुमची फेरीही नाही."

खिळेकाका हे नाव त्यांना इथेच, सेटवर पडलं. लाकडी डेक उभारणाऱ्या सुतारांच्या मागे मागे फिरून ते खिळे वेचायचे आणि कमरेच्या पिशवीत टाकायचे. हिरोनं एकदा विचारलं होतं, "काका, भंगाराचा धंदा आहे का?" काका म्हणाले होते, "आहे. तू भंगारात जाऊ नयेस म्हणून करतो."

इंजिन आलं त्या दिवशी मात्र थट्टेला जागा नव्हती. आतापर्यंतचं विमान नुसता सांगाडा होतं, आवाज मागून भरायचे. आज त्यात खरं, जुनं जेट इंजिन बसवलं होतं. मागून ज्वाळा निघणार, हवा थरथरणार, हिरो वर बसून अंगठा दाखवणार आणि पाठीमागे सूर्य मावळत असणार. इंजिन दोन दिवसांसाठी आणलेलं, सोबत त्याचा मेकॅनिक, आणि मावळता सूर्य काही मॅडमच्या हाताखाली नव्हता.

"खरं इंजिन आहे, तर खरी फेरी होणार," काकांनी दुपारीच सांगून टाकलं होतं. मॅडमनी घड्याळाकडे बघत वीस मिनिटं दिली. साठ माणसं रांगेत उभी राहिली. दिवेवाले, सुतार, रंगभूषेच्या मुली, खोट्या वर्दीतले खोटे नौसैनिक. हिरोही आला, कुरकुरत. मॅडम तेवढ्या आपल्या खुर्चीतच बसल्या. काकांनी प्रत्येकाचे तळवे पाहिले आणि रांग चालली. काय सापडलं? एक केसांची पिन, दोन खिळे आणि सुपारीएवढा खडा. लोकांची तोंडं वाकडी झाली, पण काकांना समाधान वाटलं. डेक स्वच्छ होता.

सूर्य खाली आला. हिरो शिडीवरून चढून आत बसला. मेकॅनिकनं तपासणीचा कागद काकांपुढे धरला. "करा सही, काका, म्हणजे मी सुरू करतो."

काकांनी गळ्यात दोरीनं लटकणारा चष्मा उचलून नाकावर ठेवला. चष्म्याची उजवी काडी निखळून खांद्यावर पडली.

त्यांनी ती उचलली. बिजागरीत भोक होतं, स्क्रू नव्हता. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असेल. जेवणानंतर याच चष्म्यातून त्यांनी संवादाचे कागद वाचले होते, तेव्हा काडी जागेवर होती. आणि जेवणानंतर ते या डेकवरून हललेच नव्हते.

साठ माणसांचे बूट काकांनी पाहिले होते. स्वतःचा चष्मा पाहिला नव्हता.

गप्प राहणं किती सोपं होतं. चष्मा खिशात टाकायचा, अंदाजानं सही करायची. कदाचित स्क्रू समुद्र म्हणून अंथरलेल्या निळ्या कापडात जाऊन पडलाही असेल. कोणाला कळणार होतं? बोललं तर तिसरी वेळ. उद्यापासून पुन्हा घरची खुर्ची, आणि फेरी कुठल्याच पडद्यावर नाही. ते पुरते घाबरले होते, हे सांगायला हरकत नाही. सव्वीस वर्षांत ते इतके घाबरले नव्हते.

पण जहाजावर त्यांचा एक जोडीदार होता, सगळे त्याला लंबू म्हणायचे. विमान उड्डाणाला तयार असताना एकदा त्यानं हात वर केला होता. खिशातल्या पेनाचं टोपण सापडत नव्हतं. दोन तास सगळं थांबलं. टोपण शेवटी त्याच्याच मोज्यात निघालं. आता लंबूचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं, आणि कप्तानानं सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला. तिथला नियमच तसा होता. हरवलं म्हणून सांगणाऱ्याला कधी शिक्षा नाही, लपवणाऱ्याला कधी माफी नाही. इथे तो नियम नव्हता, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी कागद मेकॅनिकला परत दिला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. थांबा.

"आता काय?" मॅडम खुर्चीतून उठल्या.

"पुन्हा फेरी घ्यावी लागेल. एक स्क्रू हरवलाय."

"कुणाचा?"

"माझा. चष्म्याचा."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "एवढ्याशा स्क्रूसाठी? दहा मिनिटांत ऊन जाईल, काका."

"जाईल."

"आणि तुम्हीही जाल. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"जातो ना. पण आधी फेरी. इंजिन सुरू करायला मी सही देणार नाही."

मॅडमनी मेकॅनिककडे पाहिलं. तो आधीच इंजिनाच्या तोंडावर लाल झाकण बसवत होता. "यांची सही नाही, तर मीही नाही," तो झाकणाशी बोलल्यासारखा म्हणाला. वर बसलेल्या हिरोनं खाली वाकून पाहिलं, मग शिडी उतरला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. इंजिनाच्या सर्वांत जवळ आपणच बसलो होतो, हे त्याच्या आता ध्यानात आलं असावं.

रांग पुन्हा चालली. या वेळी मॅडमही रागारागानं टोकाला येऊन उभ्या राहिल्या, चूक शोधून काढायला आलेल्या तपासनिसासारख्या. ऊन पिवळ्याचं तांबडं झालं आणि फळ्यांवरून हळूहळू निघून गेलं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा झाकला. काका मधोमध चालत होते, काडी निखळलेला चष्मा एका हातानं नाकाशी धरून, आणि त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

त्या खाली बसल्या होत्या. दोन फळ्यांच्या फटीत त्यांनी नखानं काहीतरी उकरलं आणि तळहातावर घेतलं. समोर चार पावलांवर इंजिनाचं तोंड होतं.

त्यांनी काकांकडे नाही, मेकॅनिककडे पाहिलं. "हा आत गेला असता तर?"

"नशीब चांगलं असतं तर काहीच नाही. नाहीतर पात्याला खाच. ते पातं तुटलं तर दुसरी पाती तोडतं. मग जवळ कोण बसलंय यावर आहे."

हिरो आपल्या बुटांकडे बघत होता. मॅडमनी स्क्रूवर मूठ मिटली.

"काका, घरी जा," त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. कमरेची खिळ्यांची पिशवी सोडून त्यांनी टेबलावर ठेवली.

"पिशवी इथे कशाला ठेवता? घरी जा, चष्मा नीट करा आणि पहाटे पाचला या. इंजिन उद्या संध्याकाळपर्यंत आहे. सकाळी पहिलं दृश्य फेरीचं घेऊ." मॅडमनी स्क्रू त्यांच्या हातात ठेवला. "आणि एक मिनिटात भागणार नाही ते."

घरी काकूंनी सगळी हकिगत ऐकून घेतली, स्क्रू बसवला आणि वरून काळ्या दोऱ्याचे सात वेढे देऊन गाठ मारली. "आता चष्मा मोडेल, पण दोरा सुटायचा नाही," त्या म्हणाल्या.

पहाटे साठ माणसं रांगेत उभी होती. मॅडम टोकाला होत्या, आज कुणी न सांगता, आणि बुटांचे तळवे दाखवायला एक पाय उचलून तोल सावरत होत्या. काका त्यांच्यापाशी आले. तळवे पाहण्याआधी त्यांनी गळ्यातला चष्मा काढून मॅडमच्या हातात दिला.

"आधी माझा तपासा," ते म्हणाले.

मॅडमनी दोन्ही काड्या ओढून पाहिल्या, दोऱ्याची गाठ पाहिली आणि चष्मा परत दिला. मग रांग चालू लागली.