ठमीचे दोन नियम

आजीने हातातला कागद लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला. निवृत्त मुख्याध्यापिकेच्या वळणदार अक्षरात अकरा नियम, खाली लाल रेघ. ताठ बसावे. केस विंचरलेले असावेत. बाई बोलत असताना खिडकीबाहेर पाहू नये.

पडद्यावरच्या समुपदेशक बाईंनी सगळे वाचले.

"अक्षर सुंदर आहे, आजी. पण या तासाला कसं वागायचं, ते ठमीनंही ठरवायचंय."

"माझ्या शाळेत मुलांनी नियम केले असते, तर आठवड्यात पाच रविवार आले असते."

बाई हसल्या. "मग तीन माझे, दोन तिचे. कॅमेरा चालू ठेवायचा. थांबावंसं वाटलं तर हात वर करायचा. आणि आपलं बोलणं कुणीही रेकॉर्ड करायचं नाही. ठमी, आता तुझे?"

सात वर्षांची नात शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. आई गेली त्याला आठ महिने झाले; त्या दिवसापासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. दुकानात, शाळेत आणि बाईंबरोबरच्या आधीच्या चार सत्रांतही तिच्या वतीने आजीच बोलत असे. लेकीच्या जाण्यानंतर चारचौघांत कधीही न डगमगलेल्या आजीला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. नातीचा आवाज हुबेहूब लेकीचा होता, आणि तो हळूहळू आठवेनासा होत चालला होता.

"तिचं म्हणणं असं की—" आजीने सुरुवात केली.

ठमीने कोरा कागद ओढला, पेन्सिल दाबून लिहिले आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

'आजी बाहेर.'



"चालेल ना, आजी?" बाईंनी हळूच विचारले.

आजीने चष्मा सारखा केला. "आता तुमच्या वयाच्या असलेल्या कितीतरी मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलंय, बाई. आज माझी पाळी."

ती उठली. दार लावून घेताना तिला दुसरा कागद दिसला. तो ठमीने कॅमेऱ्याला नव्हे, तिलाच दाखवला होता.

'दाराशी पण नाही.'

"कार्टी पुरती ओळखून आहे मला," आजी पुटपुटली आणि दाराशीच उभी राहिली. क्षणभरच, असे तिने स्वतःला बजावले.

आत बाईंनी काहीतरी विचारले. आणि मग एक बारीक, घोगरा, चाचपडणारा आवाज.

"आई ना..."

आजीची बोटे चौकटीवर घट्ट आवळली गेली. तिने डोळे मिटले. पुढचा शब्द येण्याआधीच, चाहूल लागू नये म्हणून, तिने चपला काढून हातात घेतल्या, अनवाणी पावलांनी स्वयंपाकघर गाठले आणि नळ पूर्ण सोडला.

घासायला एकही भांडे नव्हते. तिने मांडणीवरचे स्वच्छ पातेले काढले आणि खसाखसा घासायला घेतले.