वाचामाईंची पाटी

“लिहिलं! पोरीने लिहिलं!” अशी आरोळी उठली आणि खोलीतली सगळी माणसं टाचा उंचावून बघायला लागली.

टायरच्या दुकानावरची ती खोली. जिन्यात चपलांचा खच, भिंतीला टेकून उभे असलेले आईबाप, आणि प्रत्येकाच्या कडेवर नाहीतर बोटाशी एक न बोलणारं मूल. मुलं गप्प, आईबापांची तोंडं मात्र अखंड चालू. कारण पाण्याचे पेले घेऊन फिरणारी एक मदतनीस बाई सगळ्यांशी फार आपुलकीने बोलत होती. “घरी काय हाक मारता हो याला? लळा कुणाचा जास्त? आणि रागावतं कोण?” लोक बिचारे भडाभडा सांगत होते. इतक्या मायेने आजवर कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

खोलीच्या मधोमध बैठ्या टेबलाशी वाचामाई बसल्या होत्या. पांढरेशुभ्र कपडे, अर्धवट मिटलेले डोळे, आवाज असा की ऐकणाऱ्याला पेंग यावी. समोर अक्षरं रंगवलेली लाकडी पाटी. शेजारी पाच वर्षांची छकुली, आणि छकुलीचं मनगट माईंच्या मुठीत. पोरीचं बोट या अक्षरावरून त्या अक्षरावर टुणटुण उड्या मारत होतं आणि मदतनीस मोठ्याने वाचत होती, “आई... मला... सगळं... समजतं. माझं... तुझ्यावर... खूप... प्रेम... आहे.”

छकुलीच्या आईने हंबरडाच फोडला.

माई म्हणाल्या, “मूल मुकं नसतं गं. आईचे कान मुके असतात. मी फक्त हाताला आधार देते. बोलतो तो आत्मा.”

कान मुके कसे असतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या पोरीला काना-मात्रा कुठून आल्या, हेही नाही. तिच्या बापाला अजून ‘आशीर्वाद’ लिहिताना घाम फुटतो.

मागे उभी असलेली छकुलीची मामी मात्र रडली नाही. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ही मामी औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. तिचा मुलगा चार वर्षांचा. तासन्‌तास छताचा पंखा बघत बसायचा म्हणून बापाने लाडाने नाव ठेवलं होतं पंखू. हाक मारली तर वळायचा नाही, बाटल्यांची झाकणं ओळीने लावत बसायचा, आणि दीड वर्षाचा असताना जे दोन-चार शब्द बोलायचा तेही कुठे हरवले कळलं नाही. डॉक्टरांनी नीट तपासून ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि स्पीच थेरपीला पाठवलं. तिथल्या मॅडमनी चित्रांची कार्डं दिली. पाणी हवं असेल तर पंखूने पाण्याचं कार्ड उचलून आईच्या हातात द्यायचं. मामी रोज दुकानातून आली की पर्स टाकून पोरासमोर कार्डं मांडून बसायची. पंखू कार्ड द्यायचा कधीमधी, चावायचा जास्त.

आणि इथे नणंदेला एका सकाळी अख्खं वाक्य! तेही प्रेमासकट!

मी काय कमी केलं, हाच एक विचार मामीच्या डोक्यात घोंगावत राहिला. हिने तर पोरीच्या निदानाचा विषय निघाला की ‘आमच्यात सगळे उशिराच बोलतात’ म्हणून उडवून लावलं. स्पीच थेरपीच्या दारात पाऊल टाकलं नाही. आणि लॉटरी लागली ती हिलाच. घरी परतताना नणंद रिक्षात फोनवर फोन करत होती आणि मामी बाहेर बघत दात खात होती.

“आता पंखूलाही नेऊ या,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतर म्हणशील, मी लेकीचंच बघते.”

मामी गेली. खरं सांगायचं तर धावत गेली. तिलाही ते वाक्य हवं होतं. जिन्यात मदतनीस बाईने सासूबाईंना गाठलं, पेला हातात दिला आणि दोघींचं चांगलं गूळपीठ जमलं. मग पंखूची पाळी आली. माईंनी त्याचं मनगट धरलं.

“आजी... मला... तू... आवडतेस.”

सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. बोट पुन्हा उड्या मारायला लागलं.

“आई... चिडते.”

सगळी खोली वळून मामीकडे बघायला लागली. मामीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोटाशी धरून वाढवलेलं पोर, त्याचं पहिलं वाक्य आजीला, दुसरी माझी तक्रार, आणि दोन्ही या परक्या बाईच्या मुठीतून? सवतीकडे बघावं तशी ती त्या मुठीकडे बघत राहिली. बाकीचे पाटीकडे बघत होते. ही एकटी मुठीकडे. मुठीवरून तिची नजर पंखूच्या तोंडाकडे गेली. पंखूची मान वर होती. तो छताचा पंखा बघत होता. एकदाही त्याने पाटीकडे पाहिलं नाही, आणि बोट मात्र बरोबर अक्षरावर पडत होतं. पाटीवर डोळे होते ते माईंचे, त्या अर्धवट मिटलेल्या पापण्यांखालून.

“मला... इथे... राहायचं.”

“बघा, आत्म्याने मागितलं,” माई म्हणाल्या. “मागच्या बाजूला आमचा निवास आहे. वर्षभर आईपासून लांब राहिला की मोकळा होईल. छकुलीलाही आणा. आणि ती कार्डं-बिर्डं, मॅडम-फिडम बंद करा. आत्मा गोंधळतो.”

घरी येईपर्यंत सगळं ठरलंसुद्धा. रविवारी दोन्ही मुलांना निवासात सोडायचं. नवरा म्हणाला, “तो स्वतः म्हणतोय ना, मग आपण कोण?” मामी उसळली.

“तो म्हणत नाहीये! तो पाटीकडे बघतही नव्हता!”

“वहिनी, तुला बघवत नाही ना?” नणंद फणकारली. “माझ्या छकुलीने प्रेम आहे म्हटलं आणि तुझ्याने तुला चिडकी म्हटलं. म्हणून हे सगळं.”

“नाही बघवत!” मामी तोंडावर म्हणाली. “जळते मी, ताई. आठ दिवस जळतेय. पण मी जळले म्हणून पंखू पाटीकडे बघायला लागतो का?”

रविवार मात्र कुणी पुढे ढकलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्पीच थेरपीच्या मॅडमकडे गेली. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “न बोलणारी काही मुलं पुढे लिहितात, टॅबवर चित्रं दाबून बोलतात. पण आपल्या डोळ्यांनी बघून, आपल्या हाताने. इथे एकच गोष्ट तपासायची. उत्तर कुणाला माहीत आहे? पंखूला एक दाखवा, माईंना दुसरं. पाटीवर काय उमटतं ते बघा.”

त्या संध्याकाळी मामीने दोन कार्डं घेतली, चिकटपट्टीने जोडली आणि पुस्तकासारखी घडी केली. बाहेरच्या बाजूला छत्री. आतल्या बाजूला चप्पल.

रविवारी दोन्ही मुलांच्या कपड्यांच्या पिशव्या भरून सगळे पुन्हा त्या खोलीत हजर झाले. मामीचा आवाज इतका मऊ होता की नवऱ्यालाच धास्ती वाटली.

“माई, चुकलं माझं. आता राहणारच आहे इथे, तर जाता जाता माझ्याशी एक शब्द बोलू दे त्याला. हे चित्र दाखवून विचारते, काय आहे?” तिने घडी घातलेलं कार्ड माईंसमोर धरलं. छत्री.

माई मंद हसल्या. “विचार गं. आईचं मन आहे.”

“आई, तुम्ही जरा पंखूच्या मागे उभ्या राहा,” मामीने सासूबाईंना सांगितलं. मग ती पंखूसमोर गुडघ्यावर बसली आणि कार्ड त्याच्या डोळ्यांसमोर अर्धवट उघडलं, माईंच्या बाजूचं पान आडोशासारखं धरून. बाजूला बसलेल्या माईंना बाहेरची छत्रीच दिसत होती. पंखूने पंख्यावरून नजर काढली, चपलेवर बोट टेकवलं. तेवढं होईपर्यंत मामी हलली नाही. मग तिने कार्ड मिटलं.

माईंनी मनगट धरलं. पंखू पुन्हा पंख्याकडे बघायला लागला. बोटाने उडी मारली.

“छ... त्री. छत्री!” मदतनीस ओरडली. खोलीत टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी टाळी वाजवली नाही. “छत्री कुठली?” त्या म्हणाल्या. “मी बघितली ना! आत चप्पल होती चप्पल!”

मामीने कार्ड उघडून खोलीभर फिरवलं. “पंखूने पाहिली चप्पल. माईंनी पाहिली छत्री. पाटीवर आली छत्री. मग लिहितंय कोण?”

माई गडबडल्या, पण पाठांतर कामाला आलं. “संशयी आईच्या सावलीत आत्मा गोंधळतो.”

“गोंधळला तर काहीही लिहील. नेमकं तुम्ही पाहिलेलंच कसं लिहितो?”

मागून एका बापाने आवाज दिला, “माई, माझ्या मुलाचा हात सोडून विचारा ना एकदा!” दुसरा म्हणाला, “आणि आमच्याकडे आजी रागावते हे मी जिन्यात या पाणीवाल्या बाईंनाच सांगितलं होतं. पाटीवर तेच आलं!” मदतनीस पेले गोळा करायला लागली. माईंचं डोकं अचानक दुखायला लागलं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

चमत्कार एवढाच होता. जिन्यात कान, मनगटावर मूठ, आणि तान्ह्याची टाळू जपावी तशी जपलेली आईबापांची आशा, तिच्यावर दुकान.

लोक उतरून गेले. नणंद मात्र जिन्यात बसून राहिली.

“म्हणजे प्रेम आहे असं ती म्हणालीच नाही,” ती म्हणाली. “तुला बरं वाटलं असेल, वहिनी.”

“वाटलं. क्षणभर वाटलं,” मामी तिच्याशेजारी टेकली. “आता नाही वाटत.” खरंच नव्हतं वाटत. नणंदेचा तो चेहरा तिने आरशात कितीदा तरी पाहिला होता.

इतक्यात छकुली आली आणि तिने आईचं मनगट धरून ओढायला सुरुवात केली. नणंदेने सवयीने हात झटकला. “थांब गं जरा!”

“ताई, हात काढू नकोस. जा तिच्याबरोबर.”

छकुलीने आईला ओढत जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथे पाण्याची घागर होती. तिने आईचा हात उचलून घागरीवर ठेवला आणि वाट बघत उभी राहिली.

“बोलतेय ती,” मामी म्हणाली. “रोज बोलत असेल. या खेपेला मूठ तिची आहे आणि मनगट तुझं.”

नणंद पाणी पाजता पाजता हमसून हमसून रडली.

आता दोघी एकाच दिवशी स्पीच थेरपीला जातात. छकुली कार्डं भराभर देते, पंखू अजूनही चावतो, आणि मामीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलंय. दुखू दे. त्या दुखण्याने कुणाचं वाकडं होत नाही, झालं तर पंखूसमोर रोज दोन कार्डं जास्त मांडली जातात.

तुमचंही मूल उशिरा बोलत असेल, तर जीव तुटतो आणि कुणीही काहीही दाखवलं तरी हात जोडावेसे वाटतात, हे खोटं नाही. पण आधी डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. आणि कुणी तुमच्या मुलाच्या बोटातून बोलायला लागलं, तर पाया पडण्याआधी त्याला एवढंच सांगा, माझ्या मुलाचा हात सोडा आणि मग विचारा.