सुवासिनींच्या हातची

लष्कर मोहल्ल्यातल्या भागीरथीबाईंचा दिवस उदबत्तीच्या काडीने सुरू व्हायचा आणि काडीनेच संपायचा. त्यांचे यजमान, पागेतले मानाजीराव, जाऊन अकरा वर्षं झाली होती. धाकट्या दिराच्या घरी, मागच्या पडवीत पाट मांडून त्या काडीवर कोळशाचा आणि चंदनाचा ओला मसाला वळत आणि टोकाला एक उलटा पीळ देत, म्हणजे मसाला गळत नसे. हा पीळ त्यांचा स्वतःचा. कंबर मोडून यायची, पण बसून खाणाऱ्या विधवेला घरात कोण ठेवून घेतो?

उदबत्त्या शेषगिरीरावांच्या पेढीत जात. तिथे त्यांना सोनेरी कागद चढे. कागदावर नथ आणि हिरवा चुडा ल्यालेल्या बाईचं चित्र, खाली ओळ: ‘सुवासिनींच्या हातची’. बड्या घरांना देवापुढे हाच छाप लागे, मग भाव चौपट का असेना. वळणाऱ्या साती जणी मात्र विधवा होत्या. त्या थोडक्या पैशांत राबतात आणि तोंड उघडत नाहीत, हे शेषगिरीरावांना पक्कं ठाऊक होतं. जिला हळदीकुंकवाला कुणी दारात उभं करत नाही, तिच्याच हातचा वास गावभर देवघरांत दरवळत होता.

एका सकाळी शेषगिरीराव स्वतः पडवीत आले.

“येलवालच्या गोदानं आपला छाप चोरला. तस्साच कागद छापून विकते. उद्या कचेरीत खटला आहे. टोकाचा पीळही आपलाच, तोही तिनं चोरला, अशी वळणारीची साक्ष पाहिजे.”

“मी येते की,” भागीरथीबाई म्हणाल्या.

“अय्यो, बेडा, तुम्ही नको! छापावर काय लिहिलंय? वनजाबाई येतील, चुडा भरून. ‘मीच वळते’ म्हणायचं, आयितु, झालं काम.”

वनजा भागीरथीबाईंची धाकटी जाऊ. ती घाबरून म्हणाली, “अक्का, मला काडी धरताही येत नाही.”

“कोण धरायला सांगतंय? सुम्ने, नुसतं उभं राहायचं,” शेषगिरीराव म्हणाले.

गोदा चार वर्षं ह्याच पडवीत काड्या वळायला बसली होती. मजुरी वाढवून मागितली म्हणून तिला काढलं. पीळ तिला भागीरथीबाईंनीच शिकवला होता. आता खरं बोलावं तर हातचं काम जाणार, गप्प बसावं तर गोदा तुरुंगात. विचार करायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. वनजाला सोबत म्हणून त्या कचेरीत गेल्या.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, “हा कागद तू छापलास?”

“हौदु, होय साहेब,” गोदा म्हणाली. “आधी कोऱ्या कागदात विकायची. माझं कपाळ बघून कुणी घेईना. ह्या बाईचं चित्र लावलं, तर तीच काडी घेतली.”

मग वनजाची साक्ष झाली. तिने मान डोलावली. साहेब काही दूधखुळे नव्हते. जप्तीच्या मालात ओल्या फडक्यात मसाल्याचा गोळा होता. तो पुढे ठेवून ते म्हणाले, “एक वळून दाखवा.”

वनजाच्या बांगड्या वाजल्या, मसाला काही काडीला लागेना.

“बाई घाबरल्यात,” शेषगिरीराव घाईने म्हणाले.

भागीरथीबाई उठून पुढे आल्या. “तिला येतच नाही, साहेब. वळते मी.” त्या खाली बसल्या. काडी वळली, टोकाला पीळ दिला. “हा पीळ माझा. गोदाला मी शिकवला, तिनं चोरला नाही. कागद चोरला, ते खरं. पण ह्यांच्या कागदावरचं तरी कुठं खरं आहे? आम्ही सात जणी वळतो. सातीच्या साती विधवा.”

छापावर स्वतःच खोटं लिहिणाऱ्याने नकलेची फिर्याद करू नये, असं म्हणून साहेबांनी खटला काढून टाकला. गोदा ढसाढसा रडली.

न्याय इथवरच. दुसऱ्या दिवशी भागीरथीबाईंचं काम गेलं. बड्या घरांनी शेषगिरीरावांचा छाप टाकून दुसऱ्या पेढीचा धरला. त्यावरही नथवालीच बाई आहे. वळायला उरलेल्या सहा जणी तिथे बसतात.

भागीरथीबाई येलवालला गोदाकडे राहायला गेल्या. त्यांच्या बिनचित्राच्या कागदावर दोघींची नावं आहेत आणि ‘विधवा’ हा शब्द आहे. परवा हुणसूरच्या वाटेवरचा एक गृहस्थ थांबला. वास घेऊन खूश झाला, कागद वाचला, पुडा खाली ठेवला, हात धोतराला पुसले.

“जाऊ दे, गोदा,” भागीरथीबाई म्हणाल्या. “काडी दे.”

वाचकहो, आज सांजेला देवापुढे उदबत्ती लावाल, तेव्हा पेटवण्याआधी तिचं टोक एकदा बघा. उलटा पीळ दिसला, तर तुम्हीही हात पुसाल का?