सशिणीची पाचवी

ही गोष्ट १९५३ सालच्या मार्गशीर्षातली. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. कचेऱ्यांतली उर्दू मागे पडत होती, मराठी शाळांच्या नव्या पाट्या लागत होत्या. बाहेर राज्य बदललं होतं. घराघरांतलं मात्र जुनंच चालू होतं.

औरंगपुऱ्यात यमुनाबाईंचं तीन खोल्यांचं घर होतं. यजमान वारलेले. मुलगा हेमचंद्र तहसील कचेरीत कारकून. सून भानुमती. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं. वाचकहो, एवढं एक वाक्य लिहिलं की पुढचं तुम्हाला सांगावं लागू नये. गल्लीतल्या कुठल्याही बारशाला तिला बोलावणं नसे. शेजारची बाळंतीण उन्हात बसली की भानुमती अंगणातून आत जाई, कारण ती गेली नाही तर बाळंतिणीची आई बाळावर पदर ओढून घेई. ते बघण्यापेक्षा आत गेलेलं बरं.

छावणीतल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या खानसाम्याकडून हेमचंद्रानं एक पांढरी सशीण आणली. बायकोला दुपारची सोबत म्हणून. बोलून दाखवायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं टोपली पडवीत ठेवली आणि तो पाय धुवायला गेला. हेमचंद्र तसाच होता. चांगला आणि गप्प.

तीन आठवड्यांनी एका पहाटे भानुमती नहरीचं पाणी जिथं येई त्या बंब्यावरून घागर भरून घेऊन आली. पडवीतल्या गोवऱ्यांच्या खोक्यात पांढऱ्या लोकरीचा ढीग दिसला. सशिणीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून अंथरले होते. लोकर हलत होती. भानुमतीनं घागर खाली ठेवली आणि अलगद वाकून पाहिलं. बोटाएवढी, डोळे मिटलेली, गुलाबी सहा पिल्लं!

भांडी घासायला आलेल्या सरूबाईनं तोंडावर हात ठेवला. "नर नाय, काय नाय, अन् सा पिल्लं! खानसाम्यानं लई खरा माल दिला, बाई."

"येतानाच पोटुशी होती," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "घरात पाळणा हलायचा शकुन आहे हा." मग सुनेकडे वळून, "मुक्या जनावराला महिन्याभरात जमलं बघ. आठ वर्षं काय केलंस?"

भानुमतीनं घागर उचलली.

शकुनाला कारण होतं. देवगाव रंगारी गावातल्या एका घरची मुलगी हेमचंद्राला सांगून आली होती. पहिली बायको घरात असताना दुसरी करायला त्या काळी आमच्या भागात कुणी आडवं येत नसे. बरोबर पाचव्या दिवशी मंडळी मुलीला दाखवायला घेऊन येणार होती. यमुनाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. त्या दिवशी पिल्लांची पाचवी करायची, माणसाच्या बाळाची करतात तशी, सटवाईची पूजा मांडून. सहाही पिल्लं तोवर सुखरूप राहिली तर नवी सून घर भरून टाकणार.

"आणि तू," त्या भानुमतीला म्हणाल्या, "खोक्याकडे फिरकायचं नाही. तुझी सावली नको पडायला."

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई सकाळपासून पडवीत पाटावर बसून होत्या. सशीण परसात सीताफळीखाली निवांत पाला खात होती. पिल्लांकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"दिवस गेला, एकदा पाजलं नाही!" यमुनाबाई संतापल्या. "कैदाशीण आहे ही."

भानुमतीला राहवलं नाही. "सासूबाई, ती पहाटे पाजते. मी आज पाणी आणताना पाहिलं. येते, घटकाभरही थांबत नाही, लगेच जाते. पिल्लांची पोटं बघा ना, टम्म आहेत."

"म्हणजे तू बघितलंस?"

"पाणी आणताना..."

"बघू नको म्हटलं होतं ना! म्हणूनच आईची माया आटली. आणि पाजण्यातलं तू मला सांगतेस? कधी पाजलंयस कुणाला?"

हेमचंद्र आत कचेरीचे कागद लावत होता. त्यानं सगळं ऐकलं. तो कागदच लावत राहिला. मी आज सांगते, त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या चुका तोंड न उघडता झाल्या.

त्या संध्याकाळी यमुनाबाईंनी पिल्लं सुपात घेऊन स्वयंपाकघरात नेली. सशिणीचे ते केस घाण म्हणून झाडून टाकले, जुनं धोतर अंथरलं. पिल्लांना कोमट पाण्यानं पुसून काढलं, ओव्याची धुरी दिली, सूप शेगडीजवळ ठेवलं. गायीच्या दुधात साखर घालून कापसाच्या बोळ्यानं दर तासाला एकेकाच्या तोंडात पिळलं. नातवाला केलं असतं ते सगळं त्यांनी केलं. मायेनंच केलं, यात शंका नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे भानुमतीला खरखर ऐकू आली. सशीण स्वयंपाकघराच्या बंद दाराशी होती. पुढच्या पायांनी दार ओरबाडत होती. थांबे, कान टवकारून ऐके, पुन्हा ओरबाडे. भानुमती कडीपर्यंत हात नेऊन उभी राहिली. मग तिनं हात मागे घेतला.

त्या दिवशी दोन पिल्लं गेली.

चौथ्या पहाटे पुन्हा तीच खरखर. भानुमतीनं कानांवर पांघरूण घेतलं. त्या दिवशी तीन गेली. पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली.

"सरू, बघ गं, हिचीच नजर," यमुनाबाई सुनेसमोरच म्हणाल्या.

सरूबाई राख चोळत म्हणाली, "नजर लागाया ती आत तरी गेली व्हय, आईसाब? पिल्लं तर तुमच्याच हातात हायती."

"तू भांडी घास."

पाचव्या पहाटे खरखर सुरू झाली, तेव्हा भानुमतीनं कडी काढली.

यमुनाबाईंना जाग आली ती दार करकरल्यानं. उठून पाहतात तर सून भिंतीकडे तोंड करून बसलेली. सशिणीला संकोच नको म्हणून. आणि सशीण सुपात, उरलेल्या एकुलत्या पिल्लावर पाय फाकवून उभी. पिल्लू उताणं होऊन अधाशासारखं पीत होतं.

"अगं अवदसे!" यमुनाबाई ओरडल्या. "हेही मारतेस?"

सशीण उडी मारून पळाली. त्या ओरडण्यानं भिंतीपलीकडचे काकासाहेब काठी टेकत आले. ते निजामाच्या रिसाल्यात सालोतरी होते, घोड्यांचे वैद्य. ॲक्शननंतर रिसाला मोडला आणि ते घरी बसले. त्यांनी आधी जिवंत पिल्लाच्या पोटाला बोट लावलं. मग परसात ठेवलेलं एक मेलेलं उचलून त्याचं फुगीर पोट दाबून पाहिलं.

"वैनी, काय पाजलंत?"

"गायीचं दूध. साखर घालून. आईच पाजेना, मग काय करणार?"

"आई पाजत होती. ससा म्हणजे सगळ्या जंगलाचा घास. आई दिवसभर पिल्लांपाशी बसली, तर तिच्या मागावर कोल्हा येईल, मांजर येईल. म्हणून ती मुद्दाम लांब राहते. पहाटे यायचं, चार-पाच मिनिटं पाजायचं, निघून जायचं. बास. दिवसभर त्यांना ऊब देतात ते तिनं उपटलेले केस. ते कुठं आहेत?"

यमुनाबाईंची नजर कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेली.

"गायीचं दूध या पोटांना सोसत नाही. त्यात शेगडीची धग. आणि ती तीन दिवस दार ओरबाडतेय, मी माझ्या खाटेवरून ऐकलं. मला वाटलं, घूस असेल."

"मी सांगितलं होतं," भानुमती हळूच म्हणाली.

"तिचं काय ऐकायचं?" यमुनाबाई फणकारल्या. "जिची कूस उजवली नाही, तिला पाजणं काय कळतंय?"

काकासाहेबांनी पिल्लू सुपात ठेवलं. "वैनी, मला कुठं कूस आहे? माझं मात्र तुम्ही कान देऊन ऐकलंत!"

 हेमचंद्र दारात येऊन उभा होता.

"या पोरीला डोळे आहेत," काकासाहेब म्हणाले. "तिनं पाहिलं ते खरं सांगितलं. तुम्ही डोळ्यांचं ऐकलं नाही, कूस विचारत बसलात. त्यात पाच जीव गेले. लांब बसली म्हणून सशीण कैदाशीण, मूल नाही म्हणून सून अवदसा. वैनी, हा कुठला इन्साफ?"

उरलेल्या एका पिल्लासाठी आदल्या रात्रीच कोपऱ्यात मांडलेल्या पूजेकडे यमुनाबाईंनी पाहिलं. सटवाईपुढे पाटा, वरवंटा, वही, दौत. नव्या मुलीसाठी हिरवा खण. त्या सुपाजवळ खाली बसल्या.

"पाचही माझ्या हातानं गेली!" त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं!"

भानुमतीनं त्यांना पाणी दिलं. जवळ बसली नाही. तेवढं मोठं मन तिच्याकडे त्या दिवशी नव्हतं, आणि ते असायला हवं होतं असं मीही म्हणणार नाही.

दुपारी देवगावची मंडळी आली. यमुनाबाईंनी त्यांना ओट्यावरच बसवलं. गूळपाणी पुढं ठेवून हात जोडून म्हणाल्या, "मुलीत काही खोट नाही. पण या घरात सून आहे." मुलीचे वडील फार रागावले, पाणी टाकून उठले.

वाचकहो, एखादीच्या पदरात मूल नाही म्हणून तिच्या शब्दाला किंमत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं? तिचे डोळे तुमच्या-माझ्यासारखेच असतात. तिला गप्प बसवलं की नुकसान तिचं एकटीचं होत नाही. पाच पिल्लं सीताफळीखाली पुरली गेली, ती शहाणपण नव्हतं म्हणून नव्हे. शहाणपण घरातच होतं, त्याला दाराबाहेर ठेवलं म्हणून.

वाचलेलं पिल्लू सात वर्षं जगलं. सशीण दोन वर्षांनी गेली. काकासाहेबांनी मरेपर्यंत भानुमतीला जनावरांची विद्या शिकवली. पुढं हर्सूलपासून बायका शेळ्या घेऊन तिच्या दारी येत. अडलेली शेळी सोडवायला त्यांना तिचाच हात लागे. बारशाला मात्र त्याच बायका तिला बोलवत नसत. सरूबाईनं तेवढं नातीच्या बारशाला हाताला धरून नेलं. जिथं सुनेला बोलावणं नाही, तिथं यमुनाबाईंनी जाणं सोडलं. त्या एकाहत्तर साली गेल्या. हेमचंद्र अव्वल कारकून होऊन निवृत्त झाला. भानुमतीला मूल झालं नाही. "त्या दिवशी मी आतून ऐकत होतो" असं तो म्हातारपणी तिला एकदा म्हणाला. ती म्हणाली, "माहीत होतं मला."

राहिली देवगावची मुलगी. त्या दुपारी तिला पाण्याचा तांब्या भानुमतीनंच आणून दिला. भानुमतीच्या ओच्यात काहीतरी इवलंसं हलत होतं. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं घरी जाऊन वडिलांना सांगितलं, कुठल्याही बिजवराकडे मी जाणार नाही, मला शिकायचंय. मार खाल्ला, पण शिकली. कन्नड गावच्या शाळेत तिनं तीस वर्षं शिकवलं.

ती मी. माझ्या पहिल्या मुलीच्या बारशाला तिला पाळण्यात भानुमतीबाईंनी ठेवलं. माझ्या सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. मी त्यांना बसू दिलं.