बावीस हातांची वायर

भिवा बहिरा झाला आहे, हे घोडपदेवच्या त्या चाळीत एकट्या त्याच्या बायकोला, अंबिकेला ठाऊक होतं. खुद्द भिवाला ते मान्य नव्हतं. पंचवीस वर्षं गिरणीत साच्यांच्या खडखडाटात कापड विणण्यात काढलेल्या माणसाचे कान गेले तर त्यात लाजायचं काय? पण भिवाला लाज वाटे. समोरच्याच्या ओठांकडे बघत तो होला हो मिळवी, बाकीचे हसले की जरा उशिरा हसे, आणि लोक म्हणत, भिवाजी किती मन लावून ऐकतात. खात्री करून घ्यायला अंबिकेनं एकदा त्याच्या पाठीमागे उभं राहून त्याच्या आईच्या हातच्या कालवणाला यथेच्छ नावं ठेवली. भिवा शांतपणे विडी ओढत राहिला. त्या दिवशी चुलीपुढे बसून ती रडली, आणि नवऱ्याचं सोंग सांभाळायला तीही शिकली.

राधा, त्यांची एकुलती एक लेक, चळवळीच्या समितीच्या सभांतून गाऊ लागली तेव्हा भिवा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवी, अर्थात शेजाऱ्याचे हात बघून. आता त्याच राधेला आकाशवाणीवर कामगारांच्या कार्यक्रमात गायचं बोलावणं आलं होतं. रविवारी दुपारी साडेबाराला. समितीची कवनं त्या सरकारी ठिकाणी चालणार नव्हती, म्हणून तिनं आईकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणायचं ठरलं. यावरून चाळीतली तरुण मंडळी दोन दिवस फुगून बसली. मग त्यांनीच सगळ्या माळ्यांवर दवंडी पिटली.

माळ्यावर रेडिओ एकच, दौलतचा. दौलत गिरणीत वायरमन होता आणि वीजही त्याच्याच खोलीत होती, तीही एका बल्बापुरती. बल्ब काढायचा, होल्डरात रेडिओची पिन बसवायची, अशी त्याची रीत. म्हणजे बातम्या हव्या असतील तर उजेड नाही, आणि उजेड हवा तर बातम्या नाहीत. दुपारी ती अडचण नव्हती. पण रेडिओची वायर जेमतेम चार हात, आणि दौलतच्या खोलीत माणसं मावणार किती? नवी लांब वायर करून रेडिओ गॅलरीत काढायचा, असं त्यानं ठरवलं. आठ हात वायर पुरे होती.

अंबिका म्हणाली, बावीस हात कर.

बावीस हात म्हणजे तिसऱ्या बिऱ्हाडापर्यंत, थेट तिच्या खिडकीपर्यंत. लेकीचं गाणं लेकीच्या घरातून ऐकू येऊ दे, एवढंच तिनं सांगितलं. खरं कारण तिनं पोटात ठेवलं. रेडिओ खिडकीत असेल, लोक बाहेर गॅलरीत असतील, आणि आत, दाराआड, भिवाला कान लावून बसता येईल. कुणाला दिसायचं नाही. दौलतनं तिच्या हौसेची थट्टा केली. वहिनी, उद्या वायर मुलुखापर्यंत न्याल, म्हणाला. पण कामाला लागला.

सलग एवढी तार कुठून मिळणार? दौलतजवळ रबरी आवरणाचे तुकडे होते, कुठे तीन हात, कुठे पाच. तो तांब्याचे केस सोलून एकमेकांत पिळी, त्यांवर कथलाचा डाग देई आणि पट्टी गुंडाळी. दोन तारांचे जोड समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर ठिणगी पडेल, हे तो दर जोडाला सांगे. पुढचं काम भिवाचं. दोन्ही तारा अंगठ्यानं पिळत तो असा सारखा पीळ घाली की दौलत बघत राही. सगळ्यांत वरून अंबिका सुताची वेणी घाली. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात कामाला होती, सूत तिच्या हातातलं. तीन संध्याकाळी नवरा-बायको गुडघ्याला गुडघा लावून बसली. भिवा पीळ देत पुढे सरके, ती विणत त्याच्या मागे. बोलायचं कारण पडलं नाही आणि त्यामुळे भिवा खुशीत होता. इतक्या वर्षांत एवढा वेळ ती एकत्र बसलीच नव्हती, आणि वायर संपूच नये असं अंबिकेला वाटत होतं.

रविवार उजाडला. राधा दौलतच्या बायकोला सोबत घेऊन सकाळीच आकाशवाणीवर गेली. अंबिका आत खिडकीची फळी पुसत होती, तेवढ्यात भिवानं घोळ घातला. मुलीचा बाप म्हणून सकाळपासून त्याची छाती फुगलेली. त्यानं रेडिओ उचलून गॅलरीच्या मधोमध स्टुलावर मांडला, त्याला हार घातला, आणि स्वतः पाच हातांवर खुर्ची टाकून सगळ्यांच्या पुढे बसला. उरलेली वायर वेटोळं करून स्टुलाखाली ठेवली. अंबिकेनं खुणा केल्या, डोळे वटारले. पाहुण्यांना घरात कोंबायचं का, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि तोवर सत्तर-ऐंशी माणसं जमली होती.

साडेबारा झाले. निवेदक गिरण्यांची, कामगारांच्या आरोग्याची माहिती सांगू लागला. सगळे गप्प बसले, आणि भिवा मान डोलावू लागला. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून. निवेदक पटकीची लस कुठे मिळेल ते सांगत होता, आणि भिवा त्यावर डोलत होता.

पुढची दोन-चार माणसं एकमेकांकडे बघू लागली. एवढ्यात राधेचं नाव पुकारलं गेलं आणि ओवी सुरू झाली. अंबिका उठली. तिनं हारासकट रेडिओ उचलला. वायरीचं वेटोळं सरसर सुटलं. अहो वहिनी, काय करताय, दौलत ओरडला. माणसांतून वाट काढत ती भिवाच्या मागे आली आणि म्हणाली, "त्यांका ऐकाक येत नाय. बारा वर्सां झाली. आज त्यांका ऐकूक द्या."

सगळ्या गॅलरीनं ऐकलं. भिवानं ऐकलं नाही.

मग पुढे होऊन तिनं रेडिओ त्याच्या मांडीवर ठेवला आणि बटण होतं तेवढं पिळलं. भिवानं दचकून डोळे उघडले. माणसांचे चेहरे पाहून त्याला काय ते कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता हा सगळ्यांदेखत रेडिओ भिरकावणार, असं अंबिकेला वाटलं. भिवानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून रेडिओच्या जाळीच्या कापडाला कान लावला.

ओवी चालली होती. त्यानं कान आणखी घट्ट दाबला. मग बहिरी माणसं बोलतात तसं, साऱ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "अंबिके, ह्यो तर तुझोच आवाज गो."

चारचौघांत त्यानं तिला नावानं हाक मारली होती, तीही पहिल्यांदाच. ती काही बोलली असती तरी त्याला ऐकू आलं नसतं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर तो तसाच राहू दिला.