धवल्यांची वही

माझ्या धाकट्या मुलाचं, प्रितमचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार सतरा. त्या लग्नात गोदूबाई पहिल्यांदा अडली.

गोदूबाई आमच्या गावची धवलारीण. कल्याण-शीळ रस्त्याला लागून आमचं गाव. भाताच्या शेतांवर आता वीस-वीस मजले उभे आहेत, पण गावठाणात आम्ही आगरी अजून आहोत. आमच्यात लग्नाचा एकेक विधी धवलारीण गाऊन पुढे नेते. मांडवाचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, पाठवणीचा वेगळा. तिने गायल्याशिवाय हळदीला हात लागत नसे. हे धवले कुठे लिहिलेले नाहीत. गोदूबाईला ते तिच्या सासूकडून तोंडी मिळाले होते, आणि तीस वर्षं तिच्या मागे बसून झील धरता धरता मला मिळत होते. झील म्हणजे तिची ओळ संपली की शेवटचे शब्द उचलून गायचे. बाकीच्या बायांना तेवढंच यायचं. मी तिला चिकटून बसायची, त्यामुळे मधलंही येत गेलं.

प्रितमच्या हळदीला ती मधेच थांबली. पुढची ओळ मी मागून सांगितली आणि गाणं पुढे गेलं. लग्न उरकल्यावर तिने मला ओट्यावर बोलावलं.

"शकू, माझ्या मागं तूच गो," ती म्हणाली.

मी तिला आते म्हणायची. हो आते, म्हटलं आणि घाबरले. ती बहात्तर वर्षांची, मी साठीची. तिला अडलं तर मी होते. मला अडलं तर कोण? सराव करायचीही सोय नव्हती. मांडव नसताना धवला गायचा नाही, हा तिचा नियम. सुन्या घरात धवला गायला तर ते घर नवरीची वाट बघत बसतं, असं तिची सासू सांगायची. पूर्वी वर्षाला तीस-चाळीस लग्नं व्हायची, त्यातच सराव व्हायचा. आता लोक हॉल घेतात, भटजी आणि डीजे सांगतात. आम्हाला वर्षाला चार-पाच बोलावणी आली तरी खूप. मग माझ्या मनाने घेतलं, की लिहायला शिकायचं आणि सगळे धवले वहीत उतरवून ठेवायचे.

मोबाइल आहेत की, असं कोणीही म्हणेल. माझा नातू हितेश याने एकदा तिचं गाणं मोबाइलमध्ये घेतलं होतं. त्याच्या मित्राने त्याला डीजेचे ठोके लावले, वर हसणारी तोंडं चिकटवली आणि सगळीकडे पाठवलं. ते गोदूबाईपर्यंत पोचलं. त्यानंतर कोणी मोबाइल वर केला की ती तोंड मिटून घ्यायची.

पालिकेच्या शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, मायेच्या होत्या. कमळ, गवत, मगर असं चाललं होतं. मी त्यांना म्हटलं, मला आधी ध शिकवा, मग व, मग ल. त्या म्हणाल्या, आजी, ध पुढे येईल, आणि मार्चमध्ये परीक्षा आहे. मला कमळही लिहायचं नव्हतं आणि परीक्षाही द्यायची नव्हती. नऊ दिवसांनी मी जाणं सोडलं.

मग माझ्या क्रमाने शिकले. हळद, मांडव, नवरी, पाट, तांदूळ. मला लागणारा शब्द मी सांगायची, नात ऋतिका तो मोठ्या अक्षरात काढून द्यायची आणि मी गिरवायची. डोंबिवलीला जाताना रिक्षातून दुकानांच्या पाट्यांवर माझी अक्षरं शोधायची. लॉकडाऊनमध्ये सगळेच घरात अडकले तेव्हा हात जरा चालू लागला. दोन हजार एकवीसच्या दिवाळीत मी कोणाला न विचारता एक पूर्ण ओळ लिहिली. त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक लग्नाला मी वही घेऊन गोदूबाईच्या मागे बसले. झील धरणारी मीराबाई मला बघून म्हणाली, "आली तलाठीन. आता सातबारा काढल आपला." बाया हसल्या, मीही हसले.

पण माझा हात म्हाताऱ्या बैलासारखा. मी चार शब्द लिहीपर्यंत गोदूबाई चौथ्या ओळीवर पोचलेली असायची. तेव्हा मी ठरवलं, की प्रत्येक धवल्याचे सुरुवातीचे चार-पाच शब्द लिहायचे. दोऱ्याचं टोक हातात असलं की रीळ आपोआप उलगडतं. बाकीचं मला येतच होतं. वही भरत गेली, तसा मनावरचा भार उतरत गेला. जे वहीत गेलं ते आता कुठे जात नाही, असं वाटायचं.

एकदा शेजारच्या निळजे गावातल्या लग्नाहून परतताना गोदूबाईने विचारलं, "लिवताना तुझा कान कुठं असतो गो? तुझी झील मना आयकू नाय आली."

वही भरतेय ना, असं मी म्हटलं. खरं म्हणजे मी दोन वर्षं झील धरलीच नव्हती. खाली मान घालून अक्षरं काढत होते. वहीत सदुसष्ट धवले झाले.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात गोदूबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

पुढच्या एप्रिलमध्ये ऋतिकाचं लग्न ठरलं. मुलगा टिटवाळ्याचा. माझी थोरली सून भावना, ऋतिकाची आई, म्हणत होती की धवले राहू देत, आता कोणाला बसवत नाही. ऋतिकाच अडून बसली. हळद घरच्या मांडवात होईल आणि आजी गाईल, असं तिने आईला ठणकावून सांगितलं.

महिनाभर आधी मी वही काढली. दुपारी सगळे झोपले की मनातल्या मनात वाचायची. पहिले शब्द वाचता यायचे आणि तिथेच थांबायचं. मला त्याची भीती वाटली नाही. मांडव नाही म्हणून येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोठ्याने म्हणून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण नियम मोडायचा नव्हता, आणि तोही सख्ख्या नातीच्या लग्नाआधी.

हळदीच्या दिवशी पाच सुवासिनी जात्याला बसल्या. ऋतिका पाटावर होती. मीराबाई आणि दोघी माझ्या मागे बसल्या. मी वही उघडली आणि सुरू केलं. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीला काही नव्हतं. मी वहीकडे बघितलं, तिथे चारच शब्द होते. ते मी पुन्हा गायले. मीराबाईने झील दिली. मी तिसऱ्यांदा तेच गायले. जातं थांबलं. पान उलटून दुसरा धवला घेतला, तो दीड ओळीवर संपला.

भावना माझ्या कानाशी वाकली. "आई, पुढचं?"

मी पानं उलटत राहिले. सगळ्या पानांवर नुसती सुरुवात होती. हितेशने थोडा वेळ वाट पाहिली आणि स्पीकर चालू केला. त्याचं काही चुकलं नाही, हळद वाळत होती. बाया उठल्या, नाचू लागल्या, ऋतिकाच्या गालाला हळद लागली.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, टेन्शन नको घेऊ. कोणालाच कळलं नाही."

ते खरं होतं. मांडवात दोनशे माणसं होती आणि काही राहिलं असं कोणालाही वाटलं नव्हतं. मीराबाईसुद्धा जेवून, पान खाऊन घरी गेली.

लग्नानंतर चार दिवसांनी मी गोदूबाईकडे गेले. ती खाटेवर उशीला टेकून होती. मी तिला सगळं सांगितलं. मग नियम बाजूला ठेवून वही उघडली आणि हळदीच्या धवल्याचे पहिले शब्द तिच्यासमोर गायले. तिचा डावा हात खाटेच्या कडेवर ठेका धरू लागला. माझे शब्द संपले. तिचा हात चालूच होता. ती माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या ओळीची वाट बघत होती. मी विचारलं, आते, पुढे काय? तिने तोंड उघडलं. जबडा हलला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, घशातून नुसता घरघर आवाज आला. तिच्या डोक्यात सगळे शब्द होते, ते मला दिसत होतं. मी पान उलटलं. तिने डाव्या हाताने ते पान धरलं आणि परत मागे केलं. असं तीनदा झालं. मग तिने हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी अजून तीन-चार वेळा गेले. दर वेळी वही नेली. तिने पुन्हा ठेका धरला नाही.

मला आता सगळं वाचता येतं. पेपर, औषधाची चिठ्ठी, बिल्डिंगांची नावं. धवला मात्र एकही पुरा येत नाही.

गोदूबाई सहा ऑगस्ट दोन हजार चोवीस रोजी, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारली.