धोके सापडले : शून्य

बाईंनी माउस हलवून पडदा पुन्हा उजळवला. हिरवी पट्टी निम्म्यावर येऊन रेंगाळली होती. दोन लाख अकरा हजार फायली तपासून झाल्या होत्या आणि धोके सापडले होते शून्य.

"सापड रे बाबा एखादा," त्या पुटपुटल्या.

आपल्या संगणकात व्हायरस निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई जगात दुसरी नसेल. पण त्यांच्यावर वेळच तशी आली होती. नववीचा भूगोलाचा पेपर त्यांनी याच संगणकावर काढला आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पोरांच्या फोनवर फिरत होता. बावीस वर्षं शिकवलं, कधी कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही, आणि आता उद्या अकरा वाजता चौकशी समितीपुढे उभं राहायचं. मुख्याध्यापिका भल्या. त्यांनीच सुचवलं, घरच्या संगणकात काही शिरलं असेल तर तसा अहवाल आणा, तुमच्यावरचं बालंट टळेल.

आणि काही नाही निघालं तर फाईल घरातूनच कुणीतरी दिली. घरात माणसं तीन. बाई, त्यांचे वडील अण्णा आणि कॉलेजात जाणारी लेक. अण्णांना संगणक कुठून सुरू होतो तेसुद्धा माहीत नव्हतं. उरलं कोण, ते बाईंनी स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

स्कॅन लावून दिलं होतं लेकीनंच. वेगळं काही आणायला नको, तपासणीची सगळी सोय यात मुळातच असते, असं तिनं सांगितलं होतं. तिनं मध्यंतरी दोन-चार सिनेमे कुठून कुठून उतरवले होते, त्यांतून काही आलं असेल तर निघेल, असंही स्वतःहून म्हणाली होती. बाईंना तेवढाच आधार वाटला. पोरीचं नाव सिनेमात आलं तर येऊ दे, पेपरात नको.

अण्णा दोन दिवस संगणकाच्या नावानं बोटं मोडत होते. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. "आमचे शिशाचे खिळे कधी फितूर झाले नाहीत," म्हणायचे, तेही रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, कारण त्यांचे कान आता गेल्यात जमा होते.

दुपारी पट्टी भरली. शून्य. मग लेकीनं शेवटचा उपाय केला. संगणक पूर्ण सुरू व्हायच्या आधीच आतलं सगळं धुंडाळणारी एक तपासणी असते, ती लावली. पडदा काळा झाला. पाव तास लागणार होता. काळ्या काचेत दोघींचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. बाईंनी काचेतल्या लेकीच्या चेहऱ्याकडे बघतच विचारलं.

"तू कुणाला दिलास का गं पेपर?"

संगणक सुरू झाला तशी लेकीनं निकाल उघडला. शून्यच होतं.

"यात काही नाही, आई," ती उठत म्हणाली. "माझीच तपासणी राहिली होती, तीही करून झाली तुझी."

स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. बाईंचा जीव थोडा थोडा झाला. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि फुटलेल्या पेपरचा फोटो उघडला. मुख्याध्यापिकांनी तो पाठवला तेव्हा त्यांनी ओझरता बघून फोन पालथा ठेवला होता. फोटो छापील कागदाचा नव्हताच. वहीच्या पानावर कुणीतरी घाईघाईनं उतरवलं होतं. नकाशाचा प्रश्न गायब होता, आकृतीचाही. आणि चौथा प्रश्न असा होता : वाऱ्यांची दिशा कशामुळे बदलते प्रश्नचिन्ह कंसात गुण तीन नवा परिच्छेद.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

खिडकीशी अण्णांची खुर्ची होती. घरातून बाहेर जाणारा कागद, मग तो शाळेचा असो नाहीतर इस्त्रीवाल्याला लिहिलेली चिठ्ठी, अण्णांनी वाचल्याशिवाय जायचा नाही. तेही छापखान्याच्या रीतीनं. ते छापील कागद मोठ्यानं वाचणार, स्वल्पविराम, कंस, सगळं उच्चारून, आणि बाई पडद्यावर ताडून बघणार. पेपरच्या दिवशी अण्णा दाढी करून, पेन्सिल कानावर ठेवून सकाळपासून तयार असत. खिडकीखालच्या कट्ट्यावर शाळेतली पोरं बसत. आजोबा बातम्या देतायत, म्हणून हसत. बाईही हसल्या होत्या.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लेकीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"चुकले मी," त्या म्हणाल्या आणि फोन तिच्यापुढे धरला.

लेकीनं वाचलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"अण्णांना सांगू नकोस," ती म्हणाली. "हाय खातील ते."

बाईंनी पत्र लिहायला घेतलं. संगणकात दोष नाही, हे त्यांनी आधी स्पष्ट लिहिलं. पुढे लिहिलं की पेपर मी एकटीने मोठ्याने वाचून तपासला, त्या वेळी खिडकी उघडी होती, समिती देईल तो निर्णय मला मान्य आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण म्हातारपणी अण्णांच्या कपाळी हा डाग नको.

कागद छापला की अण्णांना कसं कळायचं कोण जाणे. पेन्सिल कानावर ठेवून ते खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांना नाही असं आजवर कधी म्हटलंच नव्हतं. त्यांनी कागद दिला आणि उकाडा मी म्हणत असताना उठून खिडकी लावून घेतली.

अण्णांनी बंद खिडकीकडे पाहिलं, मग वाचायला लागले.

"माननीय समिती, स्वल्पविराम, नवा परिच्छेद." आवाज नेहमीचाच, खणखणीत. संगणकाचं वाक्य झालं. "पेपर मी एकटीने..."

तिथे ते थांबले. पुढचं त्यांनी ओठांतच वाचलं. काचेतून खाली कट्टा दिसत होता, त्यावर दोघी-तिघी मुली दप्तरं टाकून बसल्या होत्या. अण्णा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, 'मी एकटीने' यावर सरळ रेघ मारली आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्या वडिलांनी'.

कागद परत देताना ते काहीतरी बोलले. ते ऐकायला बाईंना त्यांच्या तोंडाशी वाकावं लागलं.

"एवढी एकच चूक आहे. बाकी ठीक."